पिवळ्या कापडाची ड्यूटी

सोमवार, ४ मार्च. सकाळी.

आजपासून रोजनिशी लिहायची. कारण मला समाजसेवेत घेतलं आहे आणि समाजसेवा करणाऱ्याचं डोकं शाबूत हवं. माझं शाबूतच आहे, फक्त आठवण हल्ली न विचारता रजेवर जाते. शिक्षण सातवीपर्यंत. अक्षर मात्र असं की बघणारा म्हणेल, कॉलेजात गेलेला दिसतोय. ही वही कोणी बघणार नाही, ते वेगळं.

काल मुलगी आली होती. तीच मला केंद्रात घेऊन गेली. गल्लीच्या टोकाला, जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. ज्या घरात खायला नाही त्यांना धान्य, ज्या नवरा-बायकोचं पटत नाही त्यांची समजूत, जे एकटे पडलेत त्यांना सोबत, असं सगळं तिथून चालतं. माझा इंटरव्ह्यू झाला. मुख्य बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण खुर्चीला मान म्हणून मी ताई म्हणतो. त्यांनी विचारलं, एकटे राहता का, स्वयंपाक कोण करतं, गोळ्या वेळेवर घेता का, घरात पडलात तर हाक कोणाला माराल. सगळी उत्तरं फटाफट दिली. मुलगी मध्येच म्हणाली, बाबा, गॅस दोनदा चालू राहिला होता ते पण सांगा. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. इंटरव्ह्यूत असलं कोणी सांगतं का?

नंतर दोघी बाहेर जाऊन बराच वेळ कुजबुजत होत्या. पगाराचं चाललं असणार. मी निघताना स्पष्ट सांगितलं, मला पगार नको. ताई म्हणाल्या, तेवढी काळजी करू नका काका.

काळजी करू नका म्हणे. काळजी करणाऱ्यामुळेच जग चाललंय. आमच्या ऑफिसच्या इमारतीत मी उभं आयुष्य लिफ्ट चालवली, अक्षरशः उभ्यानं. एकही माणूस अडकून दगावला नाही. का? तर दर मजल्याला मी मनात म्हणायचो, आता दोर तुटणार.

बुधवार, ६ मार्च.

पहिली ड्यूटी, जुने कपडे निवडणं. लोक देतात ते चांगले बाजूला, फाटके बाजूला. दिवसभरात माझे चार कपडे झाले. बाकीच्या बायकांचे ढीगच्या ढीग. पण त्यांनी खिसे उलटे करून बघितले का? शिवणीत सुई राहिली असेल तर? एखाद्या कोटाच्या मालकाला साथीचा आजार असेल तर? हे मी मोठ्यानं विचारलं, तर एक बाई हातातला कोट टाकून हात धुवायला गेली ती परत आलीच नाही.

ताई म्हणाल्या, काका, तुमची गरज दुसरीकडे जास्त आहे.

मला वाटलंच होतं.

शुक्रवार, ८ मार्च. दुपारी.

समजूत-खोलीत चहा द्यायची ड्यूटी. आत एक नवरा-बायको भांडत बसलेले. मी कप ठेवले आणि सहज चार शब्द सांगितले. म्हटलं, आत्ता भांडताय, पण यातलं एक जण आधी जाणार. मग दुसऱ्याला भांडायलाही कोणी नाही. आणि बघा, आधी जाणारं माणूस साधारणपणे नवराच असतो, त्यातून यांचा रंग मला बरा दिसत नाही.

दोघंही ताडकन उठले आणि हातात हात घालून बाहेर पडले. जिन्यावरून मला शिव्या देत होते. एका सुरात. म्हणजे जुळलं.

ताईंनी बाहेर बोलावून सांगितलं की या खोलीत पुन्हा यायचं नाही. यश लोकांना पचत नाही.

सोमवार, ११ मार्च.

आता खरी ड्यूटी मिळाली. नीट लिहून ठेवतो.

परिसरात जे वयस्कर लोक एकटे राहतात त्यांना केंद्रानं एकेक पिवळं कापड दिलं आहे. उपरण्याएवढं. सकाळी उठलं की ते गॅलरीत किंवा खिडकीत बाहेर लावायचं, दिवेलागणीला आत घ्यायचं. कार्यकर्त्यानं सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा खालून जाता जाता बघायचं. सकाळी कापड दिसलं नाही तर वर जायचं. संध्याकाळी आत गेलं नाही तरी वर जायचं. म्हणजे माणसाला त्रास नाही, दार वाजवणं नाही, आणि कोणी पडलं-झडलं तर त्याच दिवशी कळतं. ताईंनी मला हे दोनदा म्हणून दाखवायला लावलं. मी म्हटलं, ताई, लिफ्टमन आहे मी. वर आणि खाली यापलीकडे मी आयुष्यात काही केलेलंच नाही.

बाकीच्यांना सहा-सात घरं आहेत. मला एकच दिलं, तेही आमच्याच गल्लीत. माणूस अनुभवी असला की त्याला मोजकं आणि नाजूक काम देतात. छातीवर लावायचा बॅचही मिळाला.

माझं घर म्हणजे शिवणबाई. पूर्वी शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या, अजूनही लोकांचं उसवलेलं शिवून देतात. तिसऱ्या मजल्यावर एकट्या असतात. आडव्या बांध्याच्या, आवाज खणखणीत.

मंगळवार, १२ मार्च.

सकाळी आठला हजर. शिवणबाईंची इमारत आमच्यापासून चौथी. तळाला चावीवाल्याचं दुकान. लिफ्ट नाही. जिना बघितला. अरुंद, अंधारा, पायऱ्या झिजलेल्या. असल्या जिन्यावर माणूस घसरला तर थेट रस्त्यावरच थांबेल. मला काय करायचंय, माझं काम खालून बघण्याचं.

लोखंडी कठड्यावर पिवळं कापड होतं. टाचा जुळवून, मान वर करून नीट बघितलं. चावीवाल्यानं मशीन थांबवलं आणि म्हणाला, काय काका, झेंडावंदन झालं का? मी म्हटलं, तू आपल्या चाव्या घास. तर म्हणतो, राष्ट्रगीत राहिलं की. वात्रट माणूस.

संध्याकाळी गेलो. कापड आत. उत्तम.

गुरुवार, १४ मार्च. सकाळी सव्वाआठ.

कापड नाही!!

दुपारी.

शांतपणे लिहितो.

कापड दिसलं नाही तेव्हा नियमाप्रमाणे वर जायला हवं होतं. पण तो जिना चढून मीच पडलो असतो तर एकाच्या जागी दोन झाले असते. म्हणून खालूनच हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग मी चावीवाल्याला म्हटलं, बाई गेल्या. तो म्हणाला, कुठे? मी म्हटलं, अरे, गेल्या! तो हत्यारं घेऊन तीन-तीन पायऱ्या चढत सुटला. तोवर रस्त्यात वीस-पंचवीस माणसं जमली. कोणीतरी शिवणबाईंच्या भाच्याला फोन केला.

चावीवाल्यानं कुलूप उघडलं तेव्हा शिवणबाई मोरीत आंघोळ करत होत्या. त्यांनी आधी तांब्या फेकला, मग साबण. चावीवाल्याच्या भुवईला खोक पडली.

कापड वाऱ्यानं उडून दुकानाच्या पाटीवर पडलेलं होतं. मी वर बघत होतो, पाटी राहिली नजरेच्या खाली. यात माझी चूक कुठे?

भाचा आला तो डोळे पुसतच आला. मावशी समोर धडधाकट उभी बघून थबकला. मग पुसता पुसताच खोलीच्या भिंती, छत, खिडकी असं सगळं बघून घेतलं. बायकोला म्हणाला, पार्टिशन घातलं तर दोन खोल्या होतील. मला तो माणूस आवडला नाही.

शुक्रवार, १५ मार्च.

सकाळी ताईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, वर जाऊन दार वाजवायचं, एवढंच करायचं होतं काका. मी जिन्याबद्दल सांगू लागलो तर म्हणाल्या, दमलात का? चहा घ्या. काल जेवलात का? सारखं माझ्या जेवणावर येतात.

दुपारी शिवणबाई स्वतः माझ्या दारात. मी घाबरून आधी त्यांच्या हाताकडे बघितलं, तांब्या नव्हता. बसल्या. म्हणाल्या, अहो लिफ्टवाले, ऐका. भाचा म्हणतोय, असा एक जरी फोन पुन्हा आला तर मावशी, सामान बांधायचं आणि आमच्याकडे यायचं. त्याच्याकडे मला स्वयंपाकघराच्या मागची जागा आहे. खिडकी नाही. मशीन ठेवायला जागा नाही. माझं मशीन तिसऱ्या मजल्यावर आहे आणि मला त्याच्या शेजारीच राहायचंय. तेव्हा हात जोडते, माझ्या नावानं पुन्हा बोंब मारू नका.

मी शब्द दिला. पुन्हा बोंब मारणार नाही.

त्या गेल्यावर खूप विचार केला. दोष माझा नाही, दोष वाऱ्याचा आहे. वाऱ्याचा बंदोबस्त केला पाहिजे.

शनिवार, १६ मार्च.

केला.

आमच्या लिफ्टच्या मेकॅनिकनं निवृत्तीच्या दिवशी मला दोन पोलादी चिमटे दिले होते. केबल धरून ठेवायचे. स्प्रिंग अशी की बोट सापडलं तर नख गेलंच. इतकी वर्षं डब्यात पडून होते. आज पिशवीतून शिवणबाईंकडे पाठवले. त्यांची पद्धत अशी की गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात. दूधवाला त्यात दूध टाकतो, लोक शिवायचे कपडे टाकतात. चावीवाल्याला वर पाठवून त्याच्याकडूनच कापडाच्या दोन्ही कोपऱ्यांना चिमटे लावून घेतले. तो म्हणाला, आता वादळ आलं तर इमारत उडेल, फडकं राहील. भुवईला पट्टी होती त्याच्या.

शिवणबाई वरून ओरडल्या, अहो, माझी बोटं बघितलीत का, सुपारीसारख्या गाठी आल्यात! हे उघडायला रोज पैलवान आणू का?

मी म्हटलं, सवय होईल.

सोमवार, १८ मार्च. संध्याकाळी.

दिवेलागण झाली तरी कापड बाहेरच. बोंब मारायची नाही असं ठरलंय म्हणून अगदी हळू हाक मारली. शिवणबाई लगेच गॅलरीत आल्या. म्हणाल्या, निघत नाहीत हो तुमचे चिमटे! काल अर्धा तास झटले तेव्हा कुठे निघाले. राहू दे आता तिथंच. दिवसा काय, रात्री काय, फडकंच आहे ते.

विचार केला. बाईंचं म्हणणं बरोबर आहे. कापड कायम दिसत राहिलं तर कापड न दिसण्याची वेळच येणार नाही. म्हणजे घाबरायचं कारणच उरलं नाही. सिस्टिममध्ये एवढी मोठी सुधारणा आजवर कोणालाच सुचली नव्हती. ताईंना सांगायची घाई नको. आधी अनुभव घेऊ.

आता संध्याकाळची फेरी तशी निरर्थक झाली. शिवाय त्या वेळी कोपऱ्यावर कुत्री असतात आणि दव पडतं. उद्यापासून फक्त सकाळची.

बुधवार, २० मार्च.

कापड आहे. झोप छान लागली. इतक्या वर्षांत प्रथमच कोणाचीही काळजी नाही.

गॅसची आहे. दोनदा उठून बघितला, बंद होता. तिसऱ्यांदा बघताना चुकून चालू केला.

शुक्रवार, २२ मार्च.

शिवणबाईंनी पिशवी खाली सोडली. आत माझा शर्ट. परवा त्यांनीच मागून घेतला होता. झिजलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा शिवली आहे. नवी दिसते. वरून म्हणाल्या, सतत मान वर करता, म्हणून कॉलर मागून खाल्ली गेली. मी म्हटलं, केवढं बारीक लक्ष! म्हणाल्या, तुम्ही फडक्याकडे बघता, मी माणसाकडे बघते. आणि हसल्या.

आमची ही कैलासवासी झाल्यापासून माझ्या कपड्याला कोणी सुई लावली नव्हती. जास्त लिहीत नाही.

ताई रस्त्यात भेटल्या. विचारलं, दोन्ही वेळा बघता ना काका? मी म्हटलं, सगळं एकदम व्यवस्थित. हे खोटं नाही. व्यवस्थितच आहे.

रविवार, २४ मार्च. सकाळी.

इतर कार्यकर्त्यांना रविवारी आळस येतो. मला नाही. उलट्या कॉलरचा शर्ट घालून गेलो. कापड आहे.

दोन गोष्टी खटकल्या. एक, गॅलरीतला दिवा भर उन्हात चालू. विजेची नासाडी. दोन, पिशवी खालीच लोंबत होती आणि त्यात दूध तसंच. ऊन चढलेलं. वर ओढून घ्यायला विसरल्या असणार. वय झालं की विसरतात माणसं. चावीवाला बाहेरगावी गेलाय, दुकान बंद, त्यामुळे लक्ष ठेवायलाही कोणी नाही. दूध फाटलं असतं म्हणून मीच घरी आणलं आणि तापवलं. उद्या सांगेन.

हाक मारणार होतो. पण शब्द दिलाय. आणि कापड समोर दिसत असताना हाक मारणं म्हणजे नियमाचा अपमान.

मशीनचा आवाज नव्हता. रविवार. विश्रांती घेत असतील.

सोमवार, २५ मार्च. सकाळी.

कापड आहे. दिवा अजून चालूच. पिशवीत पुन्हा दूध. दूधवाल्यालाही सांगायला हवं, असं उन्हात टाकून जाऊ नको म्हणून. हेही घरी आणलं.

कुठेतरी मांजर ओरडत होतं. बारीक, अडकून अडकून. चावीवाल्याचं मशीन बंद असलं की गल्लीत किती ऐकू येतं! दुधाच्या वासानं आलं असणार. मी पिशवी उचलली तेव्हा तर जास्तच ओरडायला लागलं. शुक शुक केलं तरी गप्प बसेना. शेवटी निघून आलो.

शिवणबाईंकडे मांजर नाही. शेजारच्यांचं असेल.

दुपारी.

मांजराचा आवाज डोक्यातून जात नाही. बीपीची गोळी घेतली. काळजी करण्यासारखं काही नाही, कारण कापड आहे. हे तीनदा स्वतःला सांगितलं. मुलीचा फोन आला, बाबा, आवाज असा का येतोय? म्हटलं, समाजसेवेचा ताण.

मंगळवार, २६ मार्च. सकाळी.

कापड फाटलं.

खालचा सगळा भाग गेला. वर, दोन चिमट्यांच्या मध्ये, हातभर पट्टी तेवढी उरली आहे. दशा लोंबताहेत. चिमटे मात्र जागचे हललेले नाहीत, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. कापडच हलकं. केंद्रानं खरेदी करताना मला विचारायला हवं होतं.

काल वारा नव्हता. मग फाटलं कशानं? जुनं असेल, विरलं असेल.

प्रश्न असा की, पट्टीला कापड म्हणायचं का? नियमात कापड किती मोठं असावं असं कुठेही नाही. पिवळं दिसलं की माणूस ठीक. पट्टी पिवळी आहे. खालून दिसते. म्हणजे शिवणबाई ठीक आहेत.

मांजर आज गप्प होतं.

तरी दुपारी केंद्रात जाऊन नवं कापड आणतो. तेवढ्यासाठी जिना चढावा लागेल. चिमटे आता मलाच उघडावे लागतील.

संध्याकाळी.

जिना चढलो. नवं कापड खांद्यावर टाकून. प्रत्येक मजल्यावर थांबलो. मनात म्हणत होतो, आता दोर तुटणार, आता दोर तुटणार.

दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. आतून कपडा फरशीवर घासल्यासारखा आवाज आला.

चावीवाला दुपारीच परतला होता. जिन्यावरून हाक मारली. तो हसत म्हणाला, काय काका, आज कोण गेलं? मग माझा चेहरा बघितला आणि हत्यारं घेऊन वर आला.

गॅलरीच्या उंबऱ्यावर पडल्या होत्या. पालथ्या. एक पाय उलटा वळलेला. ओठ फुटलेले. शेजारी झाडांना पाणी घालायची झारी आडवी, रिकामी.

मुठीत कापड होतं. पिवळं. खालचा सगळा भाग.

गुरुवार, २८ मार्च.

दवाखान्यात गेलो. आत सोडत नव्हते, बॅच दाखवला.

जिवंत आहेत. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले, पुन्हा जिना चढणं विसरा. झारीत पाणी होतं म्हणून निभावलं.

मी कॉटजवळ उभा राहिलो. शिवणबाईंनीच सांगितलं, अगदी हळू, आवाज राहिला नाही त्यांचा. रविवारी पहाटे दिवा लावून पिशवी ओढायला गॅलरीत निघाल्या आणि उंबऱ्याला अडखळल्या. उठता येईना. म्हणाल्या, ओरडले. आवाज खाली पोचेना. मग ठरवलं, ओरडायचं कशाला, फडकं आत ओढायचं. फडकं दिसलं नाही की लिफ्टवाले गाव गोळा करतील. एवढी खात्री होती मला तुमची.

म्हणाल्या, गजांतून हात घालून खालचं टोक धरलं आणि ओढलं. सोमवारी दिवसभर ओढलं. मध्ये झोप लागायची, जाग आली की पुन्हा ओढायचं. तुमची चाहूल लागली तेव्हा एका हातानं ओढत होते आणि तोंडानं हाक मारत होते. तुम्ही शुक शुक केलंत.

मग कापड फाटलं. चिमटे निघाले नाहीत.

मी म्हटलं, कापड हलकं होतं.

का म्हटलं मी असं?

त्यांनी माझ्या कॉलरकडे बघितलं. म्हणाल्या, शर्ट धुवा तो, आणि डोळे मिटले.

शनिवार, ३० मार्च.

भाचा टेम्पो घेऊन आला. पलंग नेला, कपाट नेलं. या वेळी डोळे पुसले नाहीत. मशीन नेताना जिन्याच्या वळणावर अडकलं. दोन माणसं वरून ढकलत होती, दोन खालून. मी म्हटलं, सावकाश, चाक निखळेल. भाचा म्हणाला, निखळू दे आजोबा, भंगारातच द्यायचंय.

चावीवाला दुकानाच्या दारात उभा होता. टेम्पो गेल्यावर त्यानं वर बघितलं आणि मग माझ्याकडे. काहीतरी वात्रट बोलेल म्हणून थांबलो. तो आत गेला आणि मशीन चालू केलं.

चिमटे कठड्यावरच आहेत. पट्टीसकट. काढायला कोणी जात नाही.

सोमवार, १ एप्रिल.

ताईंकडे बॅच परत दिला. त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, असू दे काका. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आपण होऊन सगळं सांगितलं, चिमट्यांचं, संध्याकाळच्या फेरीचं, दुधाचं. दुधाचं सांगताना त्यांनी मान खाली घातली.

नंतर मुलगी आली. पुन्हा दोघी बाहेर गेल्या. या वेळी दार उघडं राहिलं. मुलगी म्हणत होती, मला वाटलं होतं, दुसऱ्या कोणाकडे लक्ष द्यायला लावलं तर स्वतःकडे तरी नीट बघतील. ताई म्हणाल्या, मलाही तसंच वाटलं, माझंच चुकलं.

म्हणजे इंटरव्ह्यू नव्हता तो.

परतताना ताईंनी माझ्या हातात एक घडी ठेवली. पिवळी. मुलगी म्हणाली, बाबा, एकटंच राहायचं असेल तर हे रोज लावायचं. नाहीतर माझ्याकडे चला.

तिच्याकडे मला स्वयंपाकघराच्या मागची खोली आहे. खिडकी आहे, पण लहान.

मंगळवार, २ एप्रिल. सकाळी.

कापड खिडकीत लावलं. चिमटे नाहीत. वारा आहे. एका कोपऱ्यावर फुलदाणी ठेवली, दुसरा हातानं धरून उभा राहिलो.

आठाच्या सुमारास नवा कार्यकर्ता आला. माझ्याच वयाचा. छातीवर बॅच. आमचा जिना बघितला, गुडघ्यावरून हात फिरवला. मग टाचा जुळवून वर बघितलं, कापडाकडे. मी हात हलवला. त्याचं लक्ष नव्हतं. कापडाकडे बघून मान डोलावली आणि गेला.

संध्याकाळी.

नियमाप्रमाणे कापड आत घ्यायचं होतं. मुद्दाम घेतलं नाही. अंधार पडेपर्यंत खिडकीशी खुर्ची टाकून बसलो, तो वर येऊन दार वाजवतो का बघायला.

कोपऱ्यावर कुत्री होती. दव पडत होतं.

तो आलाच नाही.